टेबलावरचा फॉर्म आणि घरातला फोन

३ ऑगस्टचा भारतीय अवयवदान दिन, १३ ऑगस्टचा जागतिक दिन, मग २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर हा नेत्रदान पंधरवडा, आणि त्याच्या आगेमागे किंवा त्यातच गणेशोत्सव. आपल्या क्षेत्रातल्या कार्यकर्त्यांची वर्षातली सर्वांत धावपळीची हीच वेळ. मंडळांना पत्रे जातात, फ्लेक्स छापायला पडतात, मंडपाशेजारी एक टेबल, दोन खुर्च्या आणि पत्रकांचा गठ्ठा मांडून आपली माणसे दहा दिवस संध्याकाळ देतात. नोकरी सांभाळून, घरच्या गणपतीतून वेळ काढून देतात. या मेहनतीबद्दल मनात आदर आहे म्हणूनच तिचे पुढे काय होते याबद्दल स्पष्ट बोलायला हवे.

उत्सव संपला की अहवाल येऊ लागतात. प्रत्येकात एक आकडा ठळक असतो : किती जणांनी संकल्पपत्र भरले. वर्तमानपत्रात तोच छापून येतो, पुढच्या वर्षी मंडळाकडे जागा मागताना तोच सांगितला जातो. हा आकडा मोजायला सोपा आहे, पण त्यावरून कामाचे माप काढणे चूक आहे. नेत्रदान फॉर्म भरणारा करत नाही. त्याच्या मागे राहिलेली बायको, मुलगा, सून, भाऊ ते करतात. मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४चा. त्यात जिवंतपणी साक्षीदारांसमोर लिहून दिलेल्या इच्छेला स्थान आहे. तरीही प्रत्यक्षात जवळच्या नातेवाइकांच्या संमतीशिवाय पथक मृतदेहाला हात लावत नाही, आणि लावूही नये. उलट, मृत व्यक्तीने विरोध नोंदवलेला नसेल तर फॉर्म कधीच भरलेला नसतानाही घरच्यांना दान करता येते. ही एवढी गोष्ट आपल्या किती टेबलांवर सांगितली जाते?

फॉर्म कपाटात, पॉलिसीच्या कागदांखाली राहतो. पहाटे तीनला घरात कोणी गेले की लोकांना आधी नातेवाईक आठवतात, मग भटजी, मग स्मशानभूमीचा पास. नेत्रपेढी आठवते ती तिसऱ्या दिवशी, राख सावडून आल्यावर. कॉर्निया मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत काढावा लागतो. त्या सहा तासांत घरातल्या एका तरी माणसाला फोन करायचे सुचले पाहिजे, आणि बाकीच्यांनी ‘हे काय मध्येच’ म्हणू नये. टेबल मांडायचे ते यासाठी.

एक प्रसंग प्रत्येक कार्यकर्त्याच्या ओळखीचा असेल. दर्शन घेऊन बाहेर आलेल्या आजी टेबलापाशी थांबतात. एका हातात प्रसादाचा कागद, दुसरा नातवाच्या हातात. विचारतात, “माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, साखरही आहे. माझे डोळे चालतील का हो?” आपला कार्यकर्ता उत्साहाने सांगतो, “चालतात, आजी! चष्मा असला, मधुमेह असला तरी चालतात,” आणि फॉर्म पुढे सरकवतो. आजी खूश होतात, सही करतात. चार पावले मागे त्यांचा मुलगा मोबाइल बघत उभा असतो. “आई, चल ना, गाडी डबल पार्क केलीय.” सगळे निघून जातात. अहवालात एक संकल्प वाढतो.

आजींना उत्तर बरोबरच दिले होते. पण खरे बोलणे त्या मुलाशी व्हायला हवे होते. “दादा, एक मिनिट. आईंची ही इच्छा तुम्हीही ऐकलीत ना? हा नंबर तुमच्या मोबाइलमध्ये टाकून ठेवा.” एवढ्या दोन वाक्यांना गाडीचा खोळंबा होत नाही. आजींनी फॉर्म न भरता मुलाने नंबर घेतला असता तर त्या सायंकाळचे काम अधिक झाले असते.

तो नंबर कोणता, हा पुढचा प्रश्न. पत्रकावर छापण्याआधी त्या नंबरावर रात्री अकरानंतर आणि एखाद्या रविवारी स्वतः फोन लावून पाहा. उचलतात का, आपल्या गावापर्यंत येतात का, यायला किती वेळ लागतो, हे विचारून घ्या. शहरात बहुधा अडचण येत नाही. तालुक्याच्या गावी, वाडीवस्तीवर मात्र जवळचे नेत्र संकलन केंद्र कोणते आणि रात्री तिथे कोण असते, हे जिल्हा रुग्णालयात जाऊन विचारल्याशिवाय कळत नाही. जिथे पथक सहा तासांत पोहोचूच शकत नाही, तिथे तसे सांगावे. हाक मारून कोणी आले नाही, हा अनुभव एका घराला आला की त्या आळीत पुढची कित्येक वर्षे आपले कोणी ऐकत नाही.

टेबलावर बसणाऱ्याची तयारी हा तर स्वतंत्र विषय आहे. लोक चार गोष्टी एकत्र करतात. ‘मी देहदानाचा फॉर्म भरलाय’ म्हणणाऱ्याला आपले मूत्रपिंड कोणाला तरी मिळेल असे वाटत असते. नेत्रदान आणि त्वचादान घरी झालेल्या मृत्यूनंतरही होते. हृदय, यकृत, मूत्रपिंडे यांचे मरणोत्तर दान मात्र आपल्याकडे जवळजवळ नेहमी मेंदूमृत रुग्णाचेच होते. तो आयसीयूत, व्हेंटिलेटरवर असतो, आणि चार डॉक्टरांचे मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करून मेंदूमृत्यू नक्की करते. देहदान वैद्यकीय महाविद्यालयाला होते. शवविच्छेदन झाले असेल किंवा अवयव काढले असतील तर देह सहसा स्वीकारला जात नाही, नेत्रदान केलेला देह मात्र स्वीकारला जातो. ज्याला हे चार धागे सुटे करून सांगता येत नाहीत त्याला टेबलावर एकटे बसवू नये. आमचे मत विचाराल तर गणपतीच्या मंडपात नेत्रदान हाच मुख्य विषय ठेवावा. देहदानात अंत्यसंस्काराचा प्रश्न येतो, त्याला घरच्यांशी निवांत बैठक लागते. ढोल-ताशाच्या आवाजात तो सुटत नाही.

नेत्रदानाबद्दलही पूर्ण सांगावे. चेहरा विद्रूप होत नाही, सारे पंधरा-वीस मिनिटांत आटोपते, हे आपण सांगतोच. पथक तपासणीसाठी रक्ताचा नमुना घेते, हे सांगायचे राहून जाते आणि ऐनवेळी घरचे बिचकतात. डॉक्टरांचे मृत्यूचे प्रमाणपत्र लागते, म्हणून फॅमिली डॉक्टरांना आधी फोन करावा लागतो. पथक येईपर्यंत पंखा बंद करावा, पापण्या मिटून त्यावर ओला कापूस ठेवावा, डोक्याखाली उशी द्यावी. एड्स, हिपॅटायटिस बी आणि सी, रेबीज, रक्ताचा कर्करोग अशा काही कारणांनी डोळे घेतले जात नाहीत किंवा प्रत्यारोपणाला वापरता येत नाहीत. घेतलेला प्रत्येक कॉर्निया बसवला जातोच असे नाही. काही संशोधनाला आणि शिक्षणाला जातात. ज्याला तो बसवला त्याचे नाव घरच्यांना कळत नाही. ‘एक दाता, दोघांना दृष्टी’ असे फ्लेक्सवर लिहून हे सारे झाकू नका. लोकांना खरे पेलते.

आणखी एक काळजी घ्यावी. दृष्टिहीन व्यक्ती किंवा तिची आई टेबलापाशी येते आणि विचारते, “आम्हाला डोळा मिळेल का?” कॉर्निया बदलून दृष्टी येते ती कॉर्नियाच्याच दोषामुळे गेली असेल तर. दोष मागच्या पडद्यात किंवा डोळ्याच्या नसेत असेल तर या शस्त्रक्रियेचा उपयोग नाही. तेव्हा आशा लावू नका, नेत्रतज्ज्ञाकडे पाठवा. आणि हेही सांगा की ज्याचा कॉर्निया निरोगी आहे, त्या दृष्टिहीन माणसालाही नेत्रदान करता येते. हे ऐकून ताठ होणारे चेहरे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील.

गजाननाच्या मस्तकाची गोष्ट पहिले प्रत्यारोपण म्हणून फ्लेक्सवर छापण्याची पद्धत सोडावी, असे सुचवतो. कोणाला ती आवडते, कोणाला खटकते, आणि आपली दहा मिनिटे त्या वादात जातात. त्याऐवजी एका सायंकाळी दात्याच्या घरचे कोणी टेबलावर बसवा. स्वतःच्या घरचे उदाहरण सर्वांत बोलके असते. श्रीलंकेत नेत्रदान घरोघरी पोहोचवणारे डॉ. हडसन सिल्वा यांनी आपल्या आईच्या निधनानंतर तिचेच नेत्र प्रत्यारोपणासाठी वापरले. त्यांनी उभी केलेली संस्था पुढे कित्येक देशांना कॉर्निया पाठवू लागली. “आमच्या वडिलांचे दिले. पथक आलं, काम केलं, गेलं. अंत्ययात्रा ठरल्या वेळेलाच निघाली,” हे एखाद्या मावशींनी साध्या शब्दांत सांगितले की समोरच्याच्या मनातल्या निम्म्या शंका विचारण्याआधीच मिटतात. अर्थात त्यांचे दुःख ताजे असेल तर त्यांना बोलवू नये, आणि त्यांचे फोटो काढून समाजमाध्यमांवर टाकू नयेत.

नोंदवहीबद्दल एक तक्रार वारंवार कानावर येते. नाव, मोबाइल, कधी आधार क्रमांकसुद्धा उघड्या वहीत लिहून घेतला जातो आणि पुढचा माणूस तो वाचतो. ज्याला अवयवदानाचा संकल्प ऑनलाइन नोंदवायचा असेल त्याला राष्ट्रीय संस्थेच्या, म्हणजे नोट्टोच्या संकेतस्थळावर स्वतःच्या मोबाइलवरून तो करता येतो. आपण फक्त शेजारी बसून मदत करावी. आधार क्रमांक वहीत कधीच घेऊ नये.

टेबल कुठे मांडावे, याचे उत्तर अनुभवाने मिळते. आत शिरणाऱ्याचे लक्ष मूर्तीकडे असते. बाहेर पडणाऱ्याला थोडी सवड असते. खरी सवड मात्र मोठ्या मंडपात नसतेच. ती सोसायटीच्या सत्यनारायणाला, ज्येष्ठ नागरिक संघाच्या सभेत, जानेवारीतल्या हळदीकुंकवात, हरिनाम सप्ताहाच्या दुपारी असते. तिथे तीसच माणसे असतील, पण ती एकमेकांच्या घरची असतात, उद्या पुन्हा भेटणार असतात. गणेशोत्सवाला दिलेल्या शक्तीचा चौथा हिस्सा जरी या छोट्या जागांना दिला तरी फोन वाढतील, अशी आमची खात्री आहे.

म्हणून प्रत्येक संस्थेला विनंती आहे. यंदाच्या अहवालात संकल्पपत्रांच्या आकड्याशेजारी आणखी एक आकडा लिहा : मागच्या वर्षभरात तुमच्या भागातल्या किती घरांतून मृत्यूनंतर नेत्रपेढीला फोन गेला. तो नेत्रपेढीकडून मागून घ्यावा लागेल, पहिल्या वर्षी लहान दिसेल, एखाद्या ठिकाणी शून्यही असेल. तरी पाठवा. दिवाळीपर्यंत आलेले सगळे आकडे आम्ही आहेत तसे छापू.