भ्यालेल्यांची भीती

'द मिस्ट' या 2007 सालच्या इंग्रजी भयपटात राक्षसांची वाण नाही. अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या एका लहान गावावर वादळानंतर दाट धुके उतरते. त्या धुक्यात माणसे ओढून नेणारे काहीतरी आहे. गावकरी एका मोठ्या किराणा दुकानात अडकतात. खायला-प्यायला मुबलक, दारे लावून घेता येतात, दर्शनी भिंत तेवढी काचेची. अडचण आहे, पण दिवस काढता येतील अशी. तरीही दोन दिवसांत हीच शेजारीपाजारी माणसे एका तरुण सैनिकाला भोसकून, जिवंतपणी, बाहेरच्या प्राण्यांपुढे टाकतात आणि पुढचा बळी म्हणून एका लहान मुलाची मागणी करतात.

'माणूसच खरा राक्षस' असे म्हणून या चित्रपटाची बोळवण नेहमी होते. ते खोटे नाही, पण ढोबळ आहे. दिग्दर्शक फ्रँक डॅराबाँट याने भीतीचा प्रवास पायरीपायरीने दाखवला आहे. सुरुवातीला माणसे घाबरलेली असली तरी कामात असतात. कुत्र्याच्या खाण्याची आणि खताची पोती काचेला लावून थप्पी रचतात, दिव्यांची सोय करतात. मिसेस कारमोडी ही बाई हा देवाचा कोप असल्याचे पहिल्यापासून सांगते आहे आणि लोक तिला हसत आहेत. मग रात्री काच फुटते, एक भलामोठा कीटक तिच्या अंगावर बसतो आणि न चावताच उडून जातो. तिथून तिच्या शब्दाला वजन येते. धुके कशामुळे आले हे कोणालाच ठाऊक नाही, आणि या बाईकडे मात्र उत्तर तयार आहे. सैन्याच्या गुप्त प्रयोगात काहीतरी बिघडल्याचे त्या सैनिकाच्या तोंडून बाहेर येते, तेव्हा उत्तराला गुन्हेगारही मिळतो. बाकीचे काम जमाव करतो.

शेवट तर कुप्रसिद्धच आहे. दुकानातून निसटलेल्या पाच जणांच्या गाडीतले पेट्रोल धुक्यातच संपते. पिस्तुलात गोळ्या चार. नायक आपल्या लहान मुलासह चौघांना 'सोडवतो' आणि स्वतः मरणाची वाट पाहत बाहेर उभा राहतो. काही क्षणांत धुके विरते आणि समोर येतात ते सैन्याचे रणगाडे. वाचवलेल्या लोकांच्या ट्रकमध्ये एक बाई उभी आहे. घरी राहिलेल्या मुलांसाठी सुरुवातीलाच ती एकटी दुकानाबाहेर पडली होती. सोबत येण्याची तिने विनवणी केली, तेव्हा कोणीही पुढे आले नव्हते. मुले तिच्या कुशीत आहेत. म्हणजे कारमोडीबाईंना न मानणारा, शहाणा, विवेकी नायकही 'आता सुटका नाही' या स्वतःच्याच उत्तराला बळी पडला. स्टीफन किंगच्या 1980 सालच्या मूळ कथेत हा शेवट नाही. तिथे वाट मोकळी सोडलेली आहे. चित्रपटाचा शेवट निर्दयी आहे अशी तक्रार आजही होते. मात्र तो बदलला असता तर चित्रपटातून मिसेस कारमोडी तेवढी दोषी ठरली असती आणि प्रेक्षक सुटला असता.

किंगच्या ज्या संग्रहात पुढे ही कथा आली, त्याच 1985 सालच्या 'स्केलेटन क्रू'मध्ये एका भयंकर आजीची कथा आहे. नारायण धारपांनी तिच्यावरून मराठीत 'आजी' लिहिली, आणि धारपांच्या त्या कथेतून राही अनिल बर्वे याला 'तुंबाड'चे (2018) बीज मिळाले. 1925 साली जन्मलेल्या धारपांची जन्मशताब्दी 2025 मध्ये झाली. दिवाळी अंकात भयकथा मागवून घेण्याची प्रथा त्यांच्या पिढीने घट्ट केली.

कोकणातल्या भुतांचा मराठी भयकथेला मोठा आधार आहे, आणि ती भुते फार शिस्तीची असतात. मुंजा पिंपळावर, गिऱ्हा पाण्यात, चकवा वाट भुलवण्यापुरता, देवचार गावाच्या शिवेवर. कोणाला नारळ लागतो, कोणाला कोंबडा, कोणाची वेळ तिन्हीसांजेची तर कोणाची अमावास्येची. ठरलेले दिले की ती वाटेतून बाजूला होतात. कर्जत-खालापूरच्या वाड्यांवरचा भगतही या जाणकारीवरच चालतो. नियम असलेल्या संकटाशी माणूस पिढ्यान् पिढ्या जमवून घेऊ शकतो.

खालापूरच्या बाजूने बोरघाट चढू लागले की जुन्या महामार्गावर शिंग्रोबाचे देऊळ लागते. पावसाळ्यात इथे भर दुपारी दिवे लावून गाड्या हाकाव्या लागतात, असे धुके. जाणारे-येणारे चालक देवळापाशी नाणे टाकतात. दंतकथा अशी, की घाटातून रस्ता कुठून न्यावा हे साहेबाला उमगेना, तेव्हा शिंग्रोबा नावाच्या धनगराने वाट दाखवली. बक्षीस काय हवे, असे विचारल्यावर त्याने देशाचे स्वातंत्र्य मागितले आणि साहेबाने त्याला गोळी घातली. इतिहास म्हणून ही गोष्ट तपासायला जाण्यात अर्थ नाही. भयकथेच्या हिशेबाने मात्र ती विलक्षण आहे. असा अवेळी, अन्यायाने मेलेला माणूस रीतीप्रमाणे भूत व्हायचा. इथे तो वाटेचा राखणदार झाला आणि गोष्टीतला भ्यालेला माणूस ठरला तो बंदूकवाला.

मराठी चित्रपट भीतीच्या विषयाकडे अधूनमधून वळला आहे. वसंत जोगळेकरांच्या 'हा खेळ सावल्यांचा' (1976) मध्ये आशा काळे यांच्या नायिकेला लहानपणापासून भुताच्या भीतीने घेरले आहे आणि काशिनाथ घाणेकर यांचा डॉक्टर त्या भीतीचे मूळ शोधतो. गाण्यांमुळे लक्षात राहिलेला हा चित्रपट त्या शोधासाठीही पुन्हा पाहण्याजोगा आहे. विशाल फुरिया यांच्या 'लपाछपी'त (2017) उसाच्या फडातल्या घराचे रहस्य स्त्रीभ्रूणहत्येपाशी जाऊन थांबते. भुतापेक्षा घरातली माणसे जास्त अंगावर येतात. हृषीकेश गुप्ते यांचा 'जारण' (2025) करणी झाल्याच्या धास्तीने पोखरलेल्या बाईचा आहे. तिन्हींमध्ये भीती घराच्या चार भिंतींत राहते. घाबरलेल्या गावावर मराठीत असा चित्रपट झाल्याचे आठवत नाही, आणि ही उणीव खटकते. कारण गाव घाबरण्याची घटना महाराष्ट्रात पडद्याबाहेर घडून गेली आहे.

1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा इथे आठवडी बाजाराचा दिवस होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, मंगळवेढ्याकडचे पाच जण भिक्षेसाठी आले होते. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे संदेश आणि चित्रफिती त्या भागात मोबाइलवरून आधीच पसरल्या होत्या. जमावाने पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारले. इथे कारमोडीबाईंची जागा हातातल्या मोबाइलने घेतली होती. मूल कोणाचेच हरवलेले नव्हते, तरी उत्तर आधीच घरोघर पोचलेले होते. पुढे 16 एप्रिल 2020 रोजी, टाळेबंदीत, पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांचा चालक अशाच अफवांच्या वातावरणात मारले गेले.

म्हणून घाबरलेला जमाव नेहमीच असा वागतो, हा निष्कर्ष काढायची घाई करू नये. 26 जुलै 2019 च्या रात्री निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान, कर्जतवरून वाहत जाणाऱ्या उल्हास नदीच्या पुरात अडकली. हजाराहून अधिक प्रवासी, अंधार, चहूबाजूंनी पाणी. सकाळी आसपासचे गावकरी आणि बचाव दले होड्या घेऊन पोचली, आणि दुपारपर्यंत सगळे प्रवासी सुखरूप बाहेर आले. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ठाकरांची ही वस्ती डोंगरावर, गाडीरस्ता नाही, मुसळधार पाऊस आणि धुके. खालची माणसे आणि जवान अंधारातच वर चढले. नवी मुंबईच्या अग्निशमन दलातला एक अधिकारी चढतानाच दगावला. 27 मृतदेह हाती लागले, 57 जण बेपत्ता राहिले आणि 23 जुलैला शोध थांबवावा लागला. भीती तिथेही होतीच. वरून आणखी दरड येईल ही धास्ती तर प्रत्येकाला. पण संकट डोळ्यांपुढे होते. ते कोणामुळे आले, हे सांगणाऱ्याची कोणाला गरज भासली नाही.

हा फरक महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याने ओळखलेला दिसतो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर आधी वटहुकूम आणि मग डिसेंबर 2013 मध्ये विधिमंडळाची मंजुरी, अशा मार्गाने तो आला. भूत आहे की नाही, या वादात तो शिरत नाही. अमुक माणूस करणी करतो, गुरांचे दूध आटवतो, रोगराई आणतो, असा समज पसरवून त्याचे जगणे मुश्कील करणे हा या कायद्याने गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. मोबाइलवरच्या अफवा मात्र त्याच्या कक्षेत सहजी येत नाहीत. राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळी रोखण्यासाठी निर्देश दिले आणि व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे धाडण्याची मर्यादा आणली. 2013 च्या कायद्यात पोलीस ठाण्यांसाठी दक्षता अधिकारी नेमण्याचीही तरतूद आहे. हा अधिकारी निरीक्षकाच्या दर्जाखालचा असू नये, असे कलम सांगते. असे प्रकार आधीच हेरून रोखणे हे त्याच्या कामात येते, आणि कर्जत, नेरळ, खालापूर, खोपोलीची ठाणी या तरतुदीला अपवाद नाहीत.