जोखीम कोणाच्या माथी?

कार्यालयांचे संकुल असो, रुग्णालय असो वा क्रीडागार, मोठी इमारत उभारण्याचे ठरले की चर्चा होते ती जागेची, आराखड्याची आणि खर्चाची. हे काम कोणत्या पद्धतीने करवून घ्यायचे, हा प्रश्न मात्र बहुधा कंत्राटाच्या कागदपत्रांत दडून राहतो. वस्तुतः काम लांबले, खर्च वाढला, तर तो भुर्दंड कोणी सोसायचा, याचा निवाडा याच निर्णयात आधी होऊन गेलेला असतो. गेल्या शतकाच्या अखेरीपासून २००८ पर्यंत ब्रिटनमध्ये उभ्या राहिलेल्या तीन वास्तूंची कहाणी या दृष्टीने उद्बोधक आहे.

ढोबळमानाने या पद्धती तीन. पहिली पारंपरिक. वास्तुविशारदाने आराखडा पूर्ण करायचा, मग निविदा मागवायच्या आणि एका कंत्राटदाराकडे काम सोपवायचे. तीत वेळ जातो, पण काय बांधायचे हे निविदेआधीच ठरलेले असते. दुसऱ्या पद्धतीत आराखडा आणि बांधकाम या दोन्ही जबाबदाऱ्या एकाच कंपनीकडे, बहुधा ठरावीक रकमेत, दिल्या जातात. भारतात रुळलेले 'ईपीसी' कंत्राट याच कुळातले. तिसरी पद्धत बांधकाम व्यवस्थापनाची. येथे मुख्य कंत्राटदार नसतो. व्यवस्थापक केवळ शुल्क घेऊन देखरेख करतो आणि मालक कामाच्या प्रत्येक तुकड्याचे स्वतंत्र कंत्राट स्वतःच करतो. आराखडा पुरा होण्याआधीच पाया खणता येतो, ही या पद्धतीची मोहिनी आणि हाच तिचा धोका.

एडिंबरा येथील स्कॉटिश संसदेच्या इमारतीसाठी ही तिसरी पद्धत निवडण्यात आली. १९९७ च्या श्वेतपत्रिकेत नव्या संसदेच्या वास्तूसाठी एक ते चार कोटी पौंडांचा अंदाज होता. बार्सिलोनाचे वास्तुविशारद एन्रिक मिरायेस यांची रचना कल्पक, पण ती शेवटपर्यंत घडत राहिली. गरजा वाढल्या, क्षेत्रफळ वाढले. २००० मध्ये मिरायेस यांचे आणि प्रकल्पामागचे प्रमुख राजकीय नेते डोनाल्ड ड्यूअर यांचेही निधन झाले. कामे मात्र तुकड्यातुकड्याने दिली जात होती आणि प्रत्येक बदलाचे बिल थेट सरकारी तिजोरीवर पडत होते. २००४ मध्ये, ठरल्या वेळेनंतर तीन वर्षांनी, इमारत वापरात आली तेव्हा खर्च ४१ कोटी पौंडांवर गेला होता. त्याच वर्षी लॉर्ड फ्रेझर यांच्या चौकशी अहवालाने बांधकाम व्यवस्थापनाच्या निवडीवर नेमके बोट ठेवले. या पद्धतीत जोखीम सरकारवरच राहते, हे अधिकाऱ्यांनी मंत्र्यांसमोर स्पष्टपणे मांडलेच नव्हते. पुढे २००५ मध्ये या वास्तूला ब्रिटनचा प्रतिष्ठेचा स्टर्लिंग पुरस्कार मिळाला. वास्तू उत्तम ठरली, व्यवहार फसला.

मग सारी जोखीम कंत्राटदाराच्या गळ्यात बांधणे हा उपाय ठरतो काय? लंडनच्या नव्या वेम्बली स्टेडियमचे उत्तर वेगळे आहे. आराखडा व बांधकाम एकत्र देऊन मल्टिप्लेक्स या ऑस्ट्रेलियन कंपनीशी २००२ मध्ये निश्चित किमतीचे कंत्राट झाले. मालकाच्या दृष्टीने हा सौदा सुरक्षित भासणारा होता. परंतु २००४ मध्ये पोलादी कामाच्या उपकंत्राटदाराशी बिनसले आणि ते काम दुसऱ्याकडे द्यावे लागले. काम लांबले. २००६ चा एफए चषकाचा अंतिम सामना कार्डिफमध्ये खेळवणे भाग पडले आणि स्टेडियम मार्च २००७ मध्ये ताब्यात मिळाले. मल्टिप्लेक्सला मोठा तोटा झाला, कोर्टकज्जे वर्षानुवर्षे चालले. किंमत कागदावर बांधता आली, पण विलंब बांधता आला नाही. हुकलेला सामना कोणत्याही दंडाच्या कलमाने परत मिळत नाही.

हीथ्रो विमानतळाच्या पाचव्या टर्मिनलने तिसरा मार्ग दाखवला. सुमारे ४३० कोटी पौंडांच्या या प्रकल्पात बीएए या विमानतळ कंपनीने जोखीम जाणूनबुजून स्वतःकडे ठेवली. कंत्राटदारांना प्रत्यक्ष खर्च आणि ठरलेला नफा द्यायचा, सर्वांसाठी एकच विमा उतरवायचा आणि चूक कोणाची यावर वाद घालण्याऐवजी ती एकत्र बसून निस्तरायची, असा तो करार होता. बांधकाम वेळेत आणि अंदाजपत्रकात पूर्ण झाले. मार्च २००८ मध्ये उद्घाटनानंतर सामानाची व्यवस्था कोलमडून शेकडो उड्डाणे रद्द झाली हे खरे. परंतु तो गोंधळ मुख्यतः संचालनाच्या अपुऱ्या तयारीचा होता, बांधकामाच्या कराराचा नव्हे.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. एडिंबरा आणि हीथ्रो या दोन्ही ठिकाणी जोखीम मालकाकडेच होती. एकाने ती नकळत घेतली, दुसऱ्याने समजून उमजून. विमानतळाच्या मालकाकडे बांधकाम करवून घेण्याचा दीर्घ अनुभव होता आणि रोजच्या रोज निर्णय घेणारी अनुभवी माणसे होती. एडिंबऱ्यात तसा मालकच नव्हता. म्हणजे खरा प्रश्न पद्धत चांगली की वाईट हा नसून, ती पेलणारा मालक आहे का, हा आहे.

भारतात हा विचार 'सर्वात कमी दराची निविदा' या एका निकषाखाली दीर्घकाळ दबून राहिला. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने जारी केलेल्या सूचनांनी काही सार्वजनिक बांधकामांसाठी दरासोबत गुणवत्तेलाही, तीस टक्क्यांपर्यंत, वजन देण्याची मुभा दिली. हे पाऊल स्वागतार्ह असले तरी ते कंत्राटदार कसा निवडावा एवढेच सांगते. जोखमीची वाटणी कशी व्हावी, हे मालकालाच ठरवावे लागते.

त्यासाठी तीन प्रश्न पुरेसे आहेत. निविदा काढताना आराखडा कितपत पक्का आहे? बदलाची मागणी आली तर 'नाही' म्हणण्याचा अधिकार कोणाकडे आहे? आणि कंत्राटदाराच्या माथी मारलेली जोखीम तो खरोखर पेलू शकेल काय? आराखडा पक्का असेल तर पारंपरिक मार्ग सरळ. गरज स्पष्ट, पण वेळ थोडा असेल तर एकत्रित कंत्राट सोयीचे. बांधकाम व्यवस्थापन मात्र ज्याच्याकडे जाणती माणसे आहेत, त्यानेच स्वीकारावे. महापालिकेचे रुग्णालय असो की खासगी कार्यालयसंकुल, या प्रश्नांची उत्तरे भूमिपूजनापूर्वी मिळाली नाहीत, तर ती पुढे बिलांच्या रूपाने मिळतात. आणि ती बिले अखेर करदात्याला किंवा गाळा घेणाऱ्यालाच भरावी लागतात.