वीस बाजूंचा फासा

दिवाळीच्या सुट्टीत नातू पुण्याहून पेठला आला तो एक जाडजूड वही, मूठभर चित्रविचित्र फासे आणि तीन मित्र घेऊन. चार दिवस ओसरीवर यांचा खेळ. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात, आणि वार लागला की हुकला ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा हा प्रकार अमेरिकेत १९७४ साली निघाला.

पण आमच्या पठ्ठ्याने जग स्वतःच रचलंय, आणि तेही जुन्नर-आंबेगावचं! नाणेघाटातल्या दगडी रांजणात नाणं टाकलं की सातवाहनांच्या काळात जाता येतं. उसातले बिबटे बोलतात. खोडदच्या दुर्बिणी म्हणजे यंत्रमानवांच्या तोफा.

शेजारचे एक स्नेही (तेही निवृत्त शिक्षकच) म्हणाले, "गुरुजी, जन्मभर विज्ञान शिकवलंत आणि घरात हे मंत्रतंत्र?" मला नाही पटलं. मीही भूगोलाच्या पुस्तकात लपवून बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार वाचलाय, पुढे धारपांच्या भयकथा वाचल्या. म्हणून काही मी गंडेदोरे बांधले नाहीत. भोंदूबाबा आपले नियम कधी दाखवत नाही. इथे सगळे नियम वहीत लिहिलेले, आणि चौथीतली धाकटी नातसुद्धा "हे चूक आहे" म्हणून भांडते. मला तर हे वर्गापेक्षा बरं वाटलं.

तोफांवर मात्र मी हरकत घेतली. अरे, त्या ४५ मीटर व्यासाच्या ३० दुर्बिणी काहीच सोडत नाहीत, आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी फक्त ऐकतात. आणि तबकड्या तारेच्या जाळीच्या, म्हणजे वारा आरपार जातो. नातवाने खोडलं आणि लिहिलं, 'तीस कान'. तोफेपेक्षा कान जास्त भीतीदायक वाटतात, हे माझं प्रामाणिक मत.

खरी कुरबुर झाली ती तिसऱ्या दिवशी. नकाशात डिंभे धरणाच्या पाण्याखाली त्याने 'बुडालेलं नगर' काढलं होतं, आणि तिथे राहणारी, माणसं खाणारी प्रेतं. आमच्या सौ.चं आजोळ जुन्या आंबेगावचं. घोड नदीवर धरण झालं आणि गाव पाण्यात गेलं. तालुक्याला नाव राहिलं तेवढं. ती चहाचे कप घेऊन आली होती. नकाशा पाहिला, ट्रे ठेवला आणि काही न बोलता आत गेली.

मी नातवावर चिडलो, हे कबूल करतो. दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच्या राजांशी हवं ते खेळ, त्यांचं कोणी रडायला उरलेलं नाही. पण ज्या घरातून भांडीकुंडी बाहेर काढणारी माणसं अजून हयात आहेत, त्या घरात राक्षस बसवायचा असेल तर आधी त्यांना विचारावं. 'नुसता खेळ' ही सबब मला चालत नाही. खेळ नुसता असता तर तुम्ही रात्री दोनपर्यंत जागला असता का?

संध्याकाळी तो वही घेऊन स्वयंपाकघरात गेला. "आजी, तुझ्या मामाचं घर कुठे होतं गं?" बराच वेळ आवाज नाही. मग पोळपाट बाजूला सारून तिने पेन्सिल घेतली. गल्ली काढली, देऊळ काढलं, घाटाच्या पायऱ्या काढल्या. विहिरीपाशी अडली.

"ती राहू दे," म्हणाली. "मामीला फोन करून विचारते."