डोराचं पुढे काय झालं?

ल्यूबेक हे जर्मनीच्या उत्तरेकडचं जुनं व्यापारी बंदर. तिथे १९२१ साली एगोन ओल्डेनडॉर्फ यांनी जहाजांचा धंदा सुरू केला. पुढे या घराण्याची एक रीतच पडली. जहाजाला आधी कुणाचं तरी नाव द्यायचं आणि मागे घरचं आडनाव लावायचं. १९५४ मध्ये ल्यूबेकच्याच गोदीत त्यांच्यासाठी ९८ मीटर लांबीचं एक मालवाहू जहाज बांधून झालं, त्याचं नाव 'डोरा ओल्डेनडॉर्फ'. सोळा वर्षं डोरा या आडनावानं फिरली. १९७० मध्ये ग्रीक मालकांनी तिला विकत घेतलं आणि ती 'आना बी' झाली. १९७९ मध्ये मालक पुन्हा बदलला, नाव झालं 'क्रिसुला के'. ३१ ऑगस्ट १९८१ रोजी इटलीहून जेद्दाला फरश्या घेऊन जाताना ती लाल समुद्रात अबू नुहास नावाच्या प्रवाळाच्या खडकावर आदळली आणि बुडाली. आज इजिप्तच्या हुरघाडा बंदरातून डायव्हर लोकांच्या बोटी तिथे जातात. त्यांच्या लेखी डोरा नाही, आना नाही आणि क्रिसुलाही फारशी नाही. ते तिला 'टाइल रेक' म्हणतात.

खरं तर मी डोराच्या मागे नव्हतेच. मला हवी होती त्याच खडकावरची 'कर्नाटिक', कारण ती मुंबईला यायला निघाली होती.

पी अँड ओ कंपनीचं हे जहाज सप्टेंबर १८६९ मध्ये सुएझहून सुटलं. सुएझ कालवा उघडायला अजून दोन महिने होते. युरोपातून अलेक्झांड्रियापर्यंत एक जहाज, मग आगगाडीनं सुएझ आणि तिथून दुसरं जहाज, असा तेव्हाचा मुंबईचा रस्ता. कर्नाटिकवर कापडचोपड होतं, तांब्याचे पत्रे होते, टपाल होतं आणि ४०,००० पौंडांची नाणी होती. १३ सप्टेंबरच्या रात्री एकच्या सुमारास ती अबू नुहासवर चढली. कप्तान जोन्स यांनी हिशेब केला की जहाज खडकावर घट्ट बसलंय, पंप चालू आहेत आणि कंपनीचंच 'सुमात्रा' याच वाटेनं येणार आहे, मग लोकांना अंधारात होड्यांत कशाला बसवायचं? प्रवाशांनी विनवण्या केल्या, पण ते बधले नाहीत. दिवसभर माल समुद्रात फेकून जहाज हलकं केलं, संध्याकाळी रीतसर जेवण वाढलं आणि दुसरी रात्रही सगळ्यांनी तिथेच काढली. मग पाणी बॉयलरपर्यंत पोचलं आणि पंप थांबले. चौदा तारखेला सकाळी अखेर होड्यांचा हुकूम सुटला. बायका आणि एक मूल पहिल्या होडीत जेमतेम बसले असतील, तेवढ्यात जहाजाचे दोन तुकडे झाले. ३१ माणसं गेली. पैशाची काळजी मात्र तत्परतेनं घेतली गेली. थोड्याच दिवसांत इंग्लंडहून पाणबुडे आले आणि त्यांनी नाण्यांच्या पेट्या वर काढल्या.

जाता जाता एक गंमत. ज्यूल व्हर्नच्या ऐंशी दिवसांच्या पृथ्वीप्रदक्षिणेत पासपार्तू हाँगकाँगला याच 'कर्नाटिक'वर चढतो. कादंबरीतलं साल १८७२. खरी कर्नाटिक तोवर तीन वर्षं तळाशी होती. व्हर्नला कुणी सांगितलं नसावं.

तर कर्नाटिक शोधताना शेजारपाजार कळला. सुएझच्या आखातातून दक्षिणेला निघालेल्या जहाजाच्या उजव्या हाताला, शदवान बेटाच्या अलीकडे हा खडक आहे. तो पाण्याच्या जेमतेम खाली, त्यामुळे शांत रात्री लाटाही फुटताना दिसत नाहीत. त्याच्या उत्तरेच्या अंगाला ओळीनं जहाजं पडली आहेत. 'किमोन एम' हे १९५२ साली हॅम्बुर्गला बांधलेलं. ते डिसेंबर १९७८ मध्ये बुडालं, पोटात साडेचार हजार टन मसूर घेऊन, आणि तेही तुर्कस्तानातून मुंबईलाच येत होतं. म्हणजे एकाच खडकानं शंभर वर्षांच्या अंतरानं आपले पैसेही अडवले आणि आमटीही. 'जियानिस डी' १९८३ मध्ये लाकूड घेऊन आलं. त्याच्या धुराड्यावरचं मोठं 'डी' अजून दिसतं. आणि या रांगेत डोरा.

दोन-तीन अपघातांची कहाणी जवळजवळ एकच सांगतात. आखातात गर्दी, दोन्ही बाजूंना खडक, कप्तान तासन्‌तास ब्रिजवर उभा. आखात संपलं, पाणी मोकळं झालं की तो जरा पाठ टेकायला खाली जातो. तेवढ्यात अबू नुहास.

आमच्या सोसायटीत एक काका आहेत, निवृत्त चीफ इंजिनिअर, रत्नागिरीकडचे. उमेदीची सगळी वर्षं मालवाहू जहाजांवर गेली. त्यांना डोराची कहाणी सांगितली, तर त्यांना बुडण्यात काडीचा रस नव्हता. "नाव कसं बदलतात माहितेय का तुला?" म्हणाले. आणि हाताची फळी करून दाखवली. बंदरात माल उतरत असतानाच दोन खलाशी दोराला टांगलेल्या फळीवर बसतात आणि नाळेवर दोन्ही बाजूंना, मग मागे, नवं नाव रंगवतात. खरी मेहनत जुनं काढायची. अक्षरांच्या कडा वेल्डिंगनं उठवलेल्या असतात, त्या ग्राइंडरनं घासाव्या लागतात. "वेळ नसला, मालक चिक्कू असला, की नुसता रंग फासायचा. ऊन तिरकं पडलं की खालचं नाव वाचता येतं."

याचा पुरावा डोराच्या शेजारीच आहे. जियानिस डी हे जपानमध्ये १९६९ साली 'शोयो मारू' म्हणून बांधलेलं, मग 'मार्कोस' झालेलं. बुडालं तेव्हा मार्कोस हे नाव सोडून तीन वर्षं झाली होती, तरी डायव्हरना त्याच्या अंगावर मार्कोस वाचता येतं.

घरातल्या फोटोतल्या जहाजाचं पुढे काय झालं, हे शोधणाऱ्यांना या नावांनीच जेरीस आणलेलं असतं. आजोबांच्या कपाटात फोटो असतो, मागे पेन्सिलीनं नाव आणि साल. त्या नावाचं जहाज त्या सालानंतर कुठेच नाही. मग लॉइड्स रजिस्टर काढायचं. लंडनहून १७६४ पासून निघणारे हे ठोकळे. कुठल्या गोदीत, कोणत्या साली, किती टनांचं, मालक कोण, आधीची नावं कोणती, सगळं एका ओळीत. बऱ्याच वर्षांनंतरचा खंड घेऊन जुन्या नावांवरून मागं यायचं. १९६०च्या दशकात रजिस्टरनं प्रत्येक जहाजाला एक नंबर द्यायला सुरुवात केली. १९८७ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं तोच नंबर उचलला. मालक, झेंडा, नाव काहीही बदलो, नंबर बदलत नाही आणि जहाज मोडीत निघालं तरी दुसऱ्याला मिळत नाही. मला ही फार शहाणपणाची व्यवस्था वाटते. काका म्हणाले, "शहाणपण कसलं, विम्यासाठी लागतो."

डोराच्या बाबतीत कागद बिनचूक आहे. घोळ पाण्याखाली आहे. टाइल रेक ही क्रिसुला के नाहीच, ते 'मार्कुस' नावाचं वेगळंच जहाज आहे, असं म्हणणारे जाणकार डायव्हर आहेत. शेजारच्या जहाजाचं जुनं नाव मार्कोस, म्हणजे गोंधळाला आणखी खतपाणी. हा वाद वर्षानुवर्षं चाललाय. बहुतेक नकाशांवर मात्र क्रिसुला केच छापलेलं असतं.

जहाज कुठलंही असो, खाली काय आहे याबद्दल दुमत नाही. नाळ वर, खडकाला टेकलेली, मागचा भाग २५ मीटरच्या पलीकडे आडवा. मधल्या खणात फरश्यांचे गठ्ठे, खोक्यांचा कागद केव्हाच विरघळला तरी थप्प्या सरळ. फरशीच्या पाठीवर 'मेड इन इटली' वाचता येतं. वरच्या बाजूला कामाची खोली आहे, तिथलं ड्रिलिंगचं मशीन जागच्या जागी उभं आहे. फोटो दाखवला तेव्हा काकांनी चष्मा कपाळावर सरकवून तो बराच वेळ पाहिला. जहाजाला त्यांनी विचारलंही नाही. ड्रिल पाहून म्हणाले, "बेल्ट गेला असणार, बाकी चालेल."

मला वाटतं, घराण्याच्या बाजूनं पाहिलं तर डोरा हरवली ती १९७० मध्ये, विक्रीच्या कागदावर सही झाली तेव्हा. बुडणं हा तिच्या नशिबाचा चांगला भाग. १९५४च्या जहाजाला ऐंशीच्या दशकात दुसरी कुठली वाट होती? तैवानला मोडीत काढलं असतं, नाहीतर एखाद्या भरतीला किनाऱ्यावर चढवलं असतं, पाकिस्तानात गडानीला. १९८३ पासून आपल्या अलंगलाही हेच काम सुरू झालं, आणि मुंबईत दारूखान्याला तर त्याआधीपासून चालू होतं. गॅस कटरनं चार-सहा महिन्यांत सळ्यांसाठी लोखंड. तिच्या वयाची बहुतेक जहाजं अशीच गेली. एका कप्तानाला डोळा लागला, म्हणून ही एक उरली.

काकांना विचारलं, तुम्ही खाली गेलात तर हा मार्कुसचा वाद कसा मिटवाल? म्हणाले, नावाकडे ढुंकूनही बघणार नाही, सरळ इंजिनरूममध्ये जाईन. प्रत्येक इंजिनाला बनवणाऱ्याची पाटी असते, तिच्यावर नंबर असतो, तो गोदीच्या कागदांशी ताडून पाहिला की झालं.

"मग इतकी वर्षं कुणी पाहिलं कसं नाही?"

"अगं, पितळेची असते ती. पहिल्या वर्षीच कुणाच्या तरी दिवाणखान्यात लागली असेल."