तुरटी आपल्यालाही ठाऊक आहे

धामणी धरणात जमिनी आदिवासींच्या गेल्या. त्याच सूर्येचं रोज 218 दशलक्ष लिटर पाणी वरसावे, मीरा-भाईंदरसाठी ठरलंय. सूर्यानगरला ते साफ करतात. म्हणजे काय? गढूळ पाण्यात तुरटी कालवतात. मातीचे कण चिकटून जड होतात, टाकीत तळाला बसतात. वरचं पाणी वाळूच्या थरातून गाळतात, क्लोरीनने जंतू मारतात. बस. यात पाड्याला न झेपणारं काय आहे? आपल्या बाया अजून हंडा घेऊन झऱ्यावरच!

साहेब म्हणतो, जंगलात नळ टाकता येत नाही. खोटं. वनहक्क कायदा 2006, कलम 3(2) वाचा: पिण्याच्या पाइपलाइनीला एक हेक्टरहून कमी वनजमीन मिळते, झाडतोड हेक्टरी 75 च्या आत हवी. शिफारस ग्रामसभेची लागते. ठराव आत्ताच करा, अन् पोच घेतल्याशिवाय कचेरीतून हलू नका.