दंतकथा पुरे, दप्तर दाखवा! व्हिडिओ गेमच्या इतिहासाविषयी #थ्रेड

१/८
व्हिडिओ गेमचा इतिहास हा संशोधनाचा विषय आहे, असे म्हटले की दोन प्रकारची माणसे हसतात. एकांना तो पोरखेळ वाटतो. दुसऱ्यांना सारे आधीच ठाऊक असते, कारण त्यांनी त्यावरचा एखादा व्हिडिओ पाहिलेला असतो. माझे भांडण मुख्यतः दुसऱ्यांशी आहे.

२/८
'पहिला व्हिडिओ गेम पाँग' हे विधान आजही सर्रास आढळते. पाँग १९७२चा. एमआयटीतील 'स्पेसवॉर!' १९६२चा. ब्रुकहेवन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम यांनी ऑसिलोस्कोपवर उभा केलेला 'टेनिस फॉर टू' तर १९५८चा. त्याचे यंत्र पुढे सुटे करण्यात आले. ते जपावे असे कोणालाही वाटले नाही.

३/८
याउलट राल्फ बेअर. त्यांनी आपली टिपणे तारखांसह जपली. त्यांच्याच कामातून १९७२ मध्ये मॅग्नाव्हॉक्सचे 'ओडिसी' हे घरगुती यंत्र बाजारात आले. पुढे पाँगवरून खटला उभा राहिला, तेव्हा बर्लिंगेम येथील मे १९७२च्या ओडिसी-प्रदर्शनाची पाहुण्यांची वही महत्त्वाची ठरली. तीत सही होती नोलन बुशनेल यांची, म्हणजे पुढच्याच महिन्यात अटारी स्थापन करणाऱ्यांची! १९७६ मध्ये अटारीने तडजोड केली. एका वहीतील एक सही शंभर आठवणींना भारी पडते, ती अशी.

४/८
आता लाडकी दंतकथा: 'अटारीने ई.टी.ची लाखो काडतुसे वाळवंटात पुरली आणि या एका गेमने उद्योग बुडवला.' एप्रिल २०१४ मध्ये अ‍ॅलामोगोर्डोचा तो कचरा-डेपो खणला गेला. वर आलेल्या सुमारे १,३०० काडतुसांत ई.टी. होता, पण थोडाच. बाकी अटारीचे इतर गेम होते. पुरण्याची घटना खरी, तिचा अर्थ मात्र रचलेला.

५/८
शिवाय बुडाला तो उत्तर अमेरिकेचा बाजार. त्याच १९८३च्या जुलैत जपानमध्ये निन्टेन्डोचा फॅमिकॉम आला. एका देशाच्या मंदीला जगाचा इतिहास म्हणणे हे अज्ञान नव्हे, आळस आहे.

६/८
पण पुरावे तपासायचे कुठे? व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३च्या अभ्यासानुसार अमेरिकेत २०१०पूर्वी प्रकाशित झालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळतच नाहीत. संशोधकांना ते ग्रंथालयांमार्फत दुरून पाहता यावेत, ही मागणी तेथील कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये फेटाळली.

७/८
उद्योगाचा आक्षेप असा, की लोक ते गेम मौजेसाठी खेळतील. वाचकाला कादंबरी वाचताना आनंद होतो, म्हणून आपण ग्रंथालयांना कुलूप लावतो काय? विकायचे नाही आणि पाहूही द्यायचे नाही, याला हक्काचे रक्षण म्हणत नाहीत. ही विस्मृतीची तजवीज आहे.

८/८
आणि आपण? नव्वदच्या दशकात मराठी घरांत आलेले 'टीव्ही गेम' बहुतांशी त्याच फॅमिकॉमच्या नकला होत्या. ते कोणी आणले, कोणत्या बाजारात विकले, किती रुपयांना? उत्तरे जुन्या पावत्यांत, खोक्यांवर, वर्तमानपत्रांतील जाहिरातींत आणि दुकानदारांच्या स्मरणात आहेत. मित्रहो, माळ्यावरचे ते खोके रद्दीत देण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घ्या, तारीख-ठिकाण लिहा. दुकानदार हयात असेल तर त्याची मुलाखत ध्वनिमुद्रित करा. शिवकालाच्या वादात आपण बखरीपुढे अस्सल पत्र मागतो. तोच निकष येथेही लावा.