फिशटँक केवढा? एका बादलीएवढा!

दिंद्रुडसारख्या गावात घरात झाडांचा फिशटँक ठेवायचा म्हटलं की पहिला टोमणा ठरलेला असतो. "माणसांना प्यायला पाणी नाही अन् ह्याला मासे पाळायचेत!" खरं सांगू का, मला ह्या टोमण्याचा राग येत नाही. २०१६ च्या एप्रिलात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. ते दिवस पाहिलेली माणसं असं विचारणारच. उलट मला वाटतं, टँक केवढा घ्यायचा ह्याचं उत्तर ह्या टोमण्यातच दडलेलं आहे.

दुकानात गेलात की विचारतात, हॉल केवढा आहे, बजेट किती. आठवड्याला पाणी किती बदलू शकाल हे कुणीच विचारत नाही. आणि खरा प्रश्न तोच आहे.

साधा हिशेब बघा. एक घनफूट म्हणजे सुमारे २८ लिटर. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टँकमध्ये ५६ लिटर मावतं. आठवड्याला चौथा हिस्सा बदलायचा तर १४ लिटर, म्हणजे एक बादली. तोच टँक चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच घेतला की अडीचशे लिटरच्या वर गेला. मग दर आठवड्याला चार बादल्या! मे महिन्यात ह्या चार बादल्या घरातल्यांसमोर कोण मागणार?

मग काचेचा बाऊल का नको? कारण चार-पाच लिटर पाणी दुपारी तापतं आणि पहाटे निवतं. माशाच्या विष्ठेतून होणारा अमोनिया थोड्या पाण्यात लगेच विषारी होतो. बाऊलमधला मासा मेला की आपण नशिबाला बोल लावतो, पण दोष आकाराचा असतो.

उंच टँक दिसायला झकास. पण उजेड तळाशी पोचेपर्यंत कमी होतो आणि हवा लागणारा पृष्ठभागही लहान राहतो. पसरट टँक केव्हाही बरा.

आता लाइट. इथे सगळ्यांचा एकच सूर, जास्त वॅट म्हणजे जास्त झाडं. जपानच्या ताकाशी अमानोंनी (१९५४-२०१५) पाण्याखालच्या बागा जगभर लोकप्रिय केल्या. त्यांच्या प्रखर प्रकाशाच्या जोडीला कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर आणि खतं होती. आपण नुसता लाइट तेवढा उचलतो. उजेड भरपूर आणि कार्बन अपुरा असला की झाडं अडून बसतात आणि शेवाळ माजतं. मग ते काढायचं, पुन्हा पाणी बदलायचं... म्हणजे प्रखर लाइटचं बिल पाण्यातही भरावं लागतं.

सिलिंडर नसेल तर लिटरमागे २० ल्युमेनच्या आसपास पुरे. ५६ लिटरला अकराशे-बाराशे ल्युमेन, म्हणजे साधारण १२ वॅटची एलईडी पट्टी. खोक्यावर ६५०० के लिहिलेली पांढरी घ्यावी. टायमर लावून रोज सहा-सात तास, बस्स. बोअरचं पाणी जड आहे म्हणून घाबरू नका. वॅलिस्नेरिया आणि हायड्रिला अशा पाण्यातल्या बायकार्बोनेटमधूनही कार्बन घेतात. नळाच्या पाण्यात टीसीएल टाकलेलं असेल तर मात्र बादली एक दिवस उघडी ठेवा.

उन्हाळ्यात वादळ आलं की रात्रीची वीज जाते. अंधारात झाडंसुद्धा ऑक्सिजन वापरतात. त्यात गरम पाण्यात तो मुळातच कमी मावतो. २० अंशाला लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशाला साडेसातच. म्हणून मासे मोजकेच ठेवावेत.

राहता राहिला तो टोमणा. टँकमधून काढलेल्या पाण्यात नायट्रेट असतं, म्हणजे झाडांचं खत. ते जास्वंदीला, कढीपत्त्याला घाला. ती बादली तशीही झाडांना जाणारच होती, वाटेत आठवडाभर माशांकडे मुक्कामाला राहिली इतकंच.

आणि ज्या घरात झाडांसाठीही एक बादली निघत नाही, त्या घरात फिशटँक आणूच नये. हे म्हणायला मला काही संकोच वाटत नाही. जीव पाळायचा तर त्याच्या वाट्याचं पाणी आधी बाजूला काढता आलं पाहिजे. काचेचं माप नंतर.